मासिंगमामाचं कासव

आमच्या मालेकुला बेटावर माणूस घरी भेटला नाही, तर पाहुणा त्याच्या दारातल्या वाळूत बोटानं चित्र काढून जातो. ‘आलो होतो, तू नव्हतास,’ एवढं त्यात येतं. लिहिणं फार नंतर आलं. आधी ही रेघ होती. ती सुरू झाली तिथंच येऊन मिटली पाहिजे. मध्ये बोट उचलायचं नाही.

माझा मासिंगमामा यात पट्टीचा. जन्मभर त्यानं कंद लावले, डुकरं पाळली आणि गावाला रेघा शिकवल्या. कुणी मध्येच बोट उचललं की सगळं चित्र पुसायचा. “काढ पुन्हा! मेल्यावर कळेल मामा का ओरडत होता ते.”

कारण मेलेल्याच्या वाटेवर एक म्हातारी बसते. वाळूत चित्र काढते, अर्धं पुसते आणि म्हणते, पुरं कर. ज्याला जमत नाही त्याला खाते. रविवारी चर्चमध्ये आम्ही या गोष्टीला हसतो आणि सोमवारी गुपचूप सराव करतो.

गेल्या वर्षी मामाची उजवी बाजू लुळी पडली. मरणाला तो भीत नव्हता, म्हातारीला भीत होता. डाव्या हातानं कासव काढायला बसायचा, आणि निम्म्यात बोट थरथरून उचललं जायचं. मला बघवेना. एकदा मी त्याचं बोट धरून रेघ पुरी केली.

“मोठा शहाणा!” मामा कडाडला. “तिथं माझा हात धरायला तू येणार आहेस का रे?”

चारचौघांत बोलला. मला झोंबलं. रागाच्या बाबतीत मी मामाचाच भाचा. तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही.

एका दुपारी अंगणात काठीचा आवाज आला. “भाच्या, आहेस का रे घरात?” आता आणखी बोलणी कोण ऐकून घेणार, म्हणून मी मागच्या दारानं केळीच्या बागेत सटकलो.

परतलो तर दारात कासव. वाकडंतिकडं, डाव्या हाताचं. उकिडवा बसून मी डोक्यापासून रेघेवर नजर फिरवली. पायांभोवतून, पाठीवरून, शेपटीवरून परत डोक्याशी. कुठंच तुटली नव्हती. आनंदानं डोळे भरून आले. तरी राग आडवा आलाच. म्हटलं, उद्या जाऊ.

पहाटे मामा गेला.

“काल तुझ्याकडून आला तो हसतच,” मामी म्हणाली. “म्हणाला, पोरगा मळ्यात गेला असेल. आला की बघेल.”

म्हातारी मामाला खाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ते कासव माझ्या दारात आणखी दोन दिवस ‘तू नव्हतास’ म्हणत राहिलं. आणि मी तर घरातच होतो.