‘आधी खात्यात बघा, बाय!’

माझे यजमान गेले त्या वर्षी मी मीरा रोडच्या आपल्या वाचनालयाची सभासद झाले. घरात दुपार सरत नव्हती, म्हणून. माझी शाळा सातवीपर्यंतची. कपाटासमोर उभी राहिले, पण कुठले पुस्तक घ्यावे ते कळेना. टेबलाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, "जाडीला घाबरू नका. आवडलं न्हाय तर उद्या परत आणा, मी काय रागावत न्हाय." त्या श्रीमती फिलोमिना डिमेलो, आपल्या कार्यवाह. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्या पालीहून बस बदलत इथे येतात. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा लोक पुस्तकांपेक्षा त्याच्याभोवती जास्त जमू लागले. कोणी तिकीट काढे, कोणी वस्तू मागवे, कोणी जुनी वस्तू विकायला काढे. बाईंनी आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेली. मेलमधल्या दुव्यावरून बँकेच्या पानावर जायचे नाही, पत्ता आपल्या हाताने टाइप करायचा, हा त्यांचा नियम. एकदा आपले सभासद मेहताशेठ घाबरून आले. खाते बंद होईल, लगेच पासवर्ड कळवा, असा मेल आला होता. बाई म्हणाल्या, "शेठ, चावी बँक ने दी, और अब बँक ही आपसे चावी माँगती है? ऐसी बँक में पैसा क्यों रखा?" शेठ हसले आणि मेल पुसून घरी गेले.

हा संशय कधी अतीही होई. वाचनालयाला देणगी देऊ इच्छिणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी फोनवर इतके प्रश्न विचारले, की ते पुन्हा फिरकलेच नाहीत. समितीत कुरकुर झाली. "बाई, देणगीदारालाच चोर ठरवलंत!" बाई म्हणाल्या, "चुकलंच माझं. पण पुढच्यालाही विचारीन."

आता माझे सांगते. यजमान कारखान्यातली नोकरी सांभाळून लग्नांचे फोटो काढत. त्यांचा कॅमेरा कपाटात होता. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची होती, म्हणून तो कॅमेरा मुलीने एका संकेतस्थळावर विकायला टाकला. एका गृहस्थांचा फोन आला. आडनाव ऐकून त्यांनी गाव विचारले. मी राजापूर म्हटले. "अहो वहिनी, आम्ही लांज्याचे! म्हणजे घरचेच." भाव त्यांनी केला नाही. उलट यजमानांबद्दल विचारत राहिले. ते कसले फोटो काढत, हात कसा होता. "साहेबांची वस्तू आहे, जपून वापरीन," असेही म्हणाले. यजमान गेल्यापासून त्यांच्याबद्दल इतक्या मायेने मला कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या नावाने मेल आला. पैसे भरले आहेत, कुरियरची पावती कळवताच खात्यात जमा होतील. मी कॅमेरा मऊ साडीत गुंडाळला, खोक्यात भरला आणि कुरियरकडे जाता जाता आनंदाने बाईंना सांगायला गेले.

त्यांनी मेल वाचला. "आधी खात्यात बघा, बाय. पैसा आला न्हाय, तवर वस्तू जात न्हाय."

"गावचा माणूस आहे तो," मी चिडून म्हटले.

"असंल. गावात काय सगळी देवमाणसं ऱ्हातात? आमच्या पालीत तर न्हाय."

त्या माझ्याबरोबर बँकेपर्यंत आल्या, पण दाराबाहेरच थांबल्या. "तुमी विचारा. मी विचारलं तर पुढच्या वेळेला परत मला शोधत बसाल." मी खिडकीशी गेले. पैसे आले नव्हते. वस्तू आधी पाठवा असे बँक कधीच सांगत नाही, असे तिथल्या मुलीने सांगितले.

संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. पैसे खात्यात दिसले की पाठवते, म्हटले. "वहिनी, गावच्या माणसावर भरवसा नाही?" मी म्हटले, "गावच्या माणसाला थोडं थांबता येतं." त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

कॅमेरा वाचला, तरी मला रडू येत होते. दुसऱ्या दिवशी बाईंना म्हणाले, "वस्तूचं नाही हो. त्यानं इतक्या आपुलकीनं यांच्याबद्दल विचारलं, तेही खोटंच." बाईंनी कॉम्प्युटर बंद केला. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "मग मला सांगा. कसले फोटो काढत तुमचे मिस्टर?" मी सांगत गेले. बाईंची नेहमीची बस निघून गेली, तरी त्या उठल्या नाहीत.

पुढे उत्तनच्या एका फोटोग्राफरने घरी येऊन कॅमेरा पाहिला आणि पैसे हातात देऊन नेला. फी भरली गेली. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. बाईंचे ब्लडप्रेशर तीच तपासते. आकडा बरा आला तरी बाई विचारतात, "तुझं मशीन बरोबर हाय कशावरून?" मग ती पुन्हा तपासते.

फिलोमिनाबाई, आकडा दर वेळी बरा येवो. तुमच्या शंका फिटेपर्यंत माझी लेक तो पुन्हा पुन्हा तपासत राहो, आणि तुमच्या शंका पुष्कळ वर्षे न फिटोत.