वैनगंगेच्या मधोमध बंद पडलेलं इंजिन

त्या पावसाळ्यात आमचं डिटॅचमेंट छोट्या रेल्वेनं वडशाला उतरलं. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. वैनगंगा फुगली होती, काठची गावं पाण्यात होती आणि सिव्हिलनं आर्मीची मदत मागितली होती. आम्ही इंजिनिअर्सचे लोक. एक सुभेदार साहेब, एक वायरलेस सेट, दोन बोटी आणि बोटीच्या मागे लावायची दोन छोटी टू-स्ट्रोक इंजिनं. त्यातलं एक पहिल्याच दिवशी खडकावर आपटून निकामी झालं. उरलेलं माझ्या ताब्यात होतं. मी लान्स नाईक, ट्रेडनं फिटर.

बोटीचा कमांडर नाईक दौलत माने. कोयनाकाठचा गडी, पोहायला पट्टीचा. धानाच्या मुलखात तिन्ही त्रिकाळ भात खाऊन वैतागला होता. म्हणायचा, "पोट भरतं रे, पण भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही." एवढी एक तक्रार सोडली तर त्याच्या तोंडून कुरकुर ऐकली नाही.

सकाळचं रुटीन ठरलेलं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, डबा हलवायचा, मिश्रण कापडातून गाळून टाकीत ओतायचं. प्लग काढून घासायचा. मग माने बोट स्वतः तपासायचा आणि आम्ही निघायचो. रस्ता दाखवायला तुकारामभाऊ ढिवर असायचे. वय पन्नाशीचं. या नदीवर त्यांची नाव चालायची, पण पुरानं ती नेली होती. बुडालेलं झाड कुठं, नाला कुठं मिळतो, हे ते हातानं दाखवायचे आणि माने तशी बोट घ्यायचा.

त्या दिवशी हुकूम आला की दोन धारांच्या मध्ये एक टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे, तिथले लोक उंचवट्यावर अडकलेत. पाणी चढतंय. दुपारपर्यंत आमच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला शेवटची माणसं उरली होती, बहुतेक बाया आणि लेकरं. पार्वताबाई नावाची म्हातारी बोटीत यायला तयार नव्हती.

"मी कुठी येऊ? घर इथी आहे माहं."

"आजी, घर पाण्यात गेलं. चला," माने म्हणाला.

"मंग बियाणं घेऊन येतो." ती धान ठेवलेला पितळी गुंड पोटाशी धरून बसली. मानेनं आपलं लाइफ जॅकेट तिच्या अंगात घातलं. जॅकेटं कमी होती आणि आम्ही ती उतारूंनाच देत होतो.

टोलीवर टाकी भरताना पाऊस कोसळत होता. वर ग्राउंडशीट धरलं होतं, तरी पाणी कुठून तरी शिरलंच. भर धारेत आलो आणि इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

बोट वाहू लागली. खाली नाल्याच्या तोंडाशी पाणी झाडांतून खळाळत घुसत होतं. तिकडे गेलो असतो तर बोट उलटलीच असती. तुकारामभाऊ ओरडले, "मोह धरा! मोह!" पाण्यातून एका मोहाच्या झाडाचा शेंडा वर आला होता. मानेनं दोर टाकला, पहिल्याच फेकीत अडकवला. बोट हिसका खाऊन थांबली.

"किती वेळ?" त्यानं मला विचारलं.

"बघतो."

इंजिनाला पेट्रोल हवं, हवा हवी आणि ठिणगी हवी. घाबरलेला माणूस नुसता इंजिन चालू करायची दोरी ओढत बसतो. मी टाकी पाहिली. पेट्रोल होतं. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. कार्बोरेटरची वाटी खोलून तळहातावर रिकामी केली. पेट्रोलच्या खाली पाण्याचे थेंब मण्यांसारखे पळत होते. नळीतून थोडं पेट्रोल वाहू दिलं, नितळ आल्यावर वाटी बसवली. दोरी ओढली. नाही.

प्लग काढला. ओलाचिंब. तो वायरला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी पडेना. वायरही भिजली होती. पुसायला बोटीत कोरडी चिंधी नव्हती. मी अंगातला शर्ट चाचपला, तोही पिळण्याइतका ओला होता.

"काय पायजे तुले?" पार्वताबाईनं विचारलं.

"कोरडं कापड, आजी."

तिनं गुंडाचं झाकण काढलं, आतलं बियाण्याचं गाठोडं सोडलं, धान गुंडातच ओतलं आणि फडकं माझ्या हातात दिलं. "घे बापा. कोरडं आहे."

वायर पुसली, प्लग पुसला. पुन्हा टेकवून दोरी ओढली. निळी, बारीक ठिणगी उडाली.

तेवढ्यात तुकारामभाऊंनी हाक दिली. वरून एक ओंडका येत होता, फांद्यांसकट. सरळ बोटीवर. माने पुढच्या टोकाला उभा राहिला आणि त्यानं वल्हं ओंडक्याला लावून रेटा दिला. ओंडका वळला, बोटीला घासून निघाला, पण त्याची मागची फांदी फिरली आणि मानेला घेऊन गेली.

तो एकदा वर आला. मी उठलो होतो. त्यानं मला पाहिलं.

"इंजिन सोडू नको!"

मी खाली बसलो. लेकरं रडत होती. तुकारामभाऊ एका हातानं दोर धरून धारेकडे पाहत होते. माझे हात चालू होते. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि प्लग काढलेला ठेवूनच दोरी ओढत राहिलो. छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडाला. फवारा थांबेपर्यंत ओढलं. प्लग बसवला, कॉक उघडला, ओढलं. फट्‌ झालं. पुन्हा ओढलं. इंजिन चालू झालं.

मोहाचा दोर सोडला. मला मानेच्या मागे बोट खाली वळवायची होती. तुकारामभाऊंनी माझ्या दंडाला धरलं. "पयले लेकरं उतरवू, भाऊ. मंग मी येतो तुमच्यासंगं. सोडत नाई मी तुमाले."

माणसं काठावर उतरवली. सुभेदार साहेबांनी ती मोजली, मग माझ्याकडे पाहिलं.

"माने?"

मी सांगितलं. ते सेटजवळ गेले. "एक जवान लापता. सर्च शुरू. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं शोधत होतो. इंजिन एकदाही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या ढिवर मासेमारांना तो सापडला. टोलीच्या लोकांची घरं उरली नव्हती, तरी भिजलेल्या रानातून त्यांनी सरपण हुडकून आणलं. पार्वताबाई चितेजवळ शेवटपर्यंत बसून होती.

रजा मिळाल्यावर मी दौलतच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात दावं वळत होते. दौलत पाण्यात गेला तिथपर्यंतचं मी सांगितलं, तो शेवटी काय म्हणाला तेही. त्यांनी हातातलं दावं बाजूला ठेवलं.

"मशीन चालू झालं का मग?"

"झालं, आबा."

"माणसं उतरली?"

"सगळी."

त्यांनी मान हलवली. मग आत हाक मारून सांगितलं, "दौलतच्या जोडीदाराला भाकरी वाढा."