घरातले चौथे माणूस

भर दुपारी दुसऱ्याच्या घरातली सगळी माणसे बाहेर काढून, दारे-खिडक्या लावून काळोखात एकटा बसणारा सरकारी माणूस मी जन्मात एकच पाहिला. कुंभकोणम्‌मधले आमचे तमिळ शेजारी त्यांना 'इरुट्टुराव' म्हणत. इरुट्टु म्हणजे काळोख. खरे नाव सरकारी कागदांवर असेल. आमच्या गल्लीत ते कोणाला ठाऊक नव्हते.

त्या उन्हाळ्यात गल्लीला आग लागली आणि नारळीच्या झापांची छपरे एकामागून एक जळाली. मग सरकारने ठरवले की जो झापांऐवजी कौले घालील आणि मागच्या भिंतीला खिडकी पाडील, त्याला मदत मिळेल. अर्धी कौले आधी, उरलेली ओव्हरसियरने घर पाहून सही केल्यावर. इरुट्टुराव हे ओव्हरसियर. घालून झालेल्या कौलांत फट असेल तर त्या खोलीच्या काळोखात उन्हाची तिरीप बरोबर दिसते, शिडी लावून वर चढावे लागत नाही, असे ते सांगत. आमचा गवंडी मात्र कपाळाला हात लावी. "बाकीचे ओव्हरसियर पैसे घेऊन डोळे मिटतात. हे फुकट दार लावून बसतात. अशा माणसाशी वागायचं कसं?"

पण तिरीप पाहायला असा कितीसा वेळ लागतो? इरुट्टुराव चांगले घटकाभर आत बसत. दाराला कान लावला तर आतून हळू बोलणे ऐकू येई. मध्येच थांबे, मग पुन्हा सुरू होई, आणि थांबण्याच्या त्या जागा मला मुळीच आवडत नसत. बाहेर आले की ओट्यावर टेकून तांब्याभर पाणी पीत. आमच्यासारखेच तंजावरी घरातले ते, बोलणेही आमचेच. म्हणत, "घर नवें झालें तरी माणसें जुनींच असतात, बाई. त्यांस विचारून काम करावें."

शेजारच्या मामींच्या घरातून ते असेच बाहेर आले आणि गवंड्याला म्हणाले, "खिडकी हातभर सरकीव. कोपऱ्यातल्या थोरल्यांच्या डोळ्यांवर ऊन येतें." मामींचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. शेवटी शेवटी त्यांना उजेड सोसत नसे, हे खरे. पण इरुट्टुराव आमच्या गावात येऊन वर्षही झाले नव्हते. मामींनी खिडकी सरकवून घेतली. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो, आणि त्या कोपऱ्याकडे पाहायचे मात्र सगळ्यांनीच टाळले.

ते आमच्या घरी आले तेव्हा मला हसू येण्यासारखे काही उरले नव्हते. आगीत माझी सोनी गेली होती. पाच वर्षांची. मागच्या खोलीत झोपली होती आणि मी विहिरीवर होते.

आमच्याकडे ते फार वेळ बसले. बाहेर येऊन त्यांनी वही उघडली. "घरांत माणसें किती?"

"तीन. मी, हे, आणि मामंजी."

"चार लिहितों."

"अहो, तीनच!"

"चार आहेत. मागल्या खोलींत बसली आहे. आतां भीत नाहीं ती." त्यांनी शाईत टाक बुडवला. "चौघांस मागली खोली धरून कौलें मिळतात. ती खोली मोडूं नका."

मला राग यायला हवा होता. पण इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून मी रोज एक पान जास्त वाढू लागले, आणि आमच्या ह्यांनी ते कधी उचलायला सांगितले नाही.

कोणीतरी चुगली केली. ऐन पावसाच्या तोंडावर, निम्मे घर उघडे असताना आणि मामंजी खोकत पडलेले असताना, तपासणीला दोरै आला. दोरै म्हणजे गोरा साहेब. हे दुकानात होते, म्हणून दारात मला बोलावले. साहेबाचा मुन्शी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तीन म्हण. खोटं ओव्हरसियरच्या माथी जाईल आणि तुझी कौलं तुला मिळतील. चार म्हणालीस, तर चौथं माणूस आत्ता दाखवावं लागेल." मग त्याने मोठ्याने विचारले, "या घरात किती जण राहतात?"

इरुट्टुराव अंगणात उभे होते. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. माझ्या मागे, उंबऱ्यापाशी, जरा खाली पाहत होते.

मी म्हणाले, "तीन."

त्यांनी वाद घातला नाही. "सरी," म्हणजे बरे, एवढेच म्हणाले आणि वही मुन्शीच्या हातात दिली. नोकरी तिथल्या तिथे गेली. तिघांपुरती कौले आठ दिवसांत आली, आणि त्या पावसात आमच्या घरात थेंबसुद्धा गळला नाही. इतका खरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्यालाच मी चारचौघांत खोटा पाडला.

जाण्याआधी ते उंबऱ्याशी आले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "आईवर रुसूं नको. तिला छप्पर हवें. चल माझ्यासंगतीं." मग गल्लीने चालू लागले. डावा हात जरासा खाली सोडलेला, बोटे कशाला तरी धरल्यासारखी वळलेली, पावले लहान लहान. कोपऱ्यावरच्या गटारापाशी ते थांबले, तो रिकामा हात वर उचलून पलीकडे नेला, आणि मग स्वतः ओलांडले.

मी धावत रस्त्यावर आले आणि हाक मारली, "सोनी!"

इरुट्टुराव थांबले. खाली पाहून त्यांनी काहीतरी विचारले, उत्तर नीट ऐकून घेतले. मग माझ्याकडे पाहून नाही अशी मान हलवली आणि पुढे चालू लागले.