पंखा काढणारे बुवा

बुवा कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघत. नमस्कार, पाणी, 'बसा ना' हे सगळं त्यानंतर. मान वर करून, डोळे मिटून ते थोडं ऐकत आणि मग यजमानाला सांगत, "तुमचा पंखा काळी दोनच्या सुरात घुमतोय. बेअरिंग बघून घ्या." यजमान बिचारा चहा की कॉफी एवढंच विचारायला आलेला असे. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथे मुलीला गायला सांगितलं गेलं. बुवांनी उठून रेग्युलेटर एका आकड्याने खाली आणला आणि म्हणाले, "आता गा बाळ, मघाशी तो तुला बेसूर करत होता." लग्न जमलं. त्याचं श्रेय ते पुढे कायम पंख्याला देत.

बुवा म्हणजे कीर्तनकार नव्हेत. हिंजवडीतल्या एका कंपनीत ते माझे वरिष्ठ होते आणि भर मीटिंगमध्ये गुणगुणत, म्हणून हे नाव पडलं. मी अंबाजोगाईकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला. पिरंगुटजवळच्या भरे गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायचो, आणि बुवा सपत्नीक त्याच घरात माझ्या खालच्या मजल्यावर. पन्नाशीच्या अलीकडेच त्यांनी नोकरी सोडली, कारण त्यांना एक प्लगिन बनवायचं होतं. प्लगिन म्हणजे गाणं रेकॉर्ड करायच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं सॉफ्टवेअर. एखादं आवाज घुमवतं, एखादं गोड करतं. बुवांचं प्लगिन रेकॉर्डिंगमधून पंखा काढायचं. आपल्याकडे घरात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याची खरी अडचण तीच. पंखा चालू ठेवला तर तो गाण्यात येतो, बंद केला तर गाणारा घामाने निथळतो. पहिल्या चाचणीला आवाज माझाच होता. पंख्याखाली बसून मी मराठवाड्याच्या उन्हाळ्यावर बडबडलो आणि बुवांनी बटण दाबल्यावर पंखा असा गेला, जणू खोलीत कधी नव्हताच. मीही मग नोकरी सोडून त्यांच्याकडे लागलो.

सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. तसं काम करणारी प्लगिनं तेव्हा मोजकीच होती. गिऱ्हाईक पत्र लिहायचं आणि बुवा उत्तर द्यायचे, तेही असं लांबलचक की वाचणाऱ्याला दोनदा बसायला लागावं. कुणी सूट मागितली की ते अत्यंत प्रेमाने नकार देत आणि खाली विचारत, 'आपल्या खोलीतील पंखा कोणत्या बनावटीचा आहे, ते कळवावे.' गिऱ्हाईक पंख्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवी, बुवा त्यावर दिवसभर बसत आणि त्याच्या पंख्यापुरती वेगळी मांडणी करून देत. त्याचे पैसे वेगळे घेत नसत. पण किमतीतला एक रुपया सोडत नसत.

स्वतः घासाघीस करणंही त्यांच्या रक्तात नव्हतं. पिरंगुटच्या बाजारात मेथीवाली जो भाव सांगेल तो ते मुकाट्याने देत, आणि वहिनी मागून कपाळाला हात लावत येत. वहिनी म्हणजे त्यांची बायको, पौडजवळच्या एका शाळेत शिक्षिका. बोलायला कमी, ऐकायला तयार. बुवांचं म्हणणं असं, "भाव पाडला की माणूस मालाकडे बघायचं सोडतो आणि भावाकडे बघतो." वहिनी यावर फक्त मेथी निवडत.

पुढे आमच्या धंद्यात जे झालं ते कुणी एकाने केलं नाही. प्लगिन बनवणं सोपं झालं, तसे बनवणारे वाढले. पंखा काढणारी, कुत्र्याचं भुंकणं काढणारी, शेजाऱ्याचं भांडण काढणारी प्लगिनं दर आठवड्याला नवीन यायला लागली. मोठ्या कंपन्यांनी तर ती सोय आपल्या सॉफ्टवेअरबरोबर फुकटच देऊन टाकली. वर्षाअखेर सेलचा हंगाम आला की जो तो किंमत पाडे, आणि लोकांना कळून चुकलं की मधल्या दहा महिन्यांत पूर्ण किमतीला घेणारा वेडा. आमच्याकडे पत्रं येत तीही एका ओळीची: 'सेल कधी?' बुवा त्यालाही सविस्तर उत्तर देत आणि पंख्याची बनावट विचारत. पलीकडून काही येत नसे.

आमचे घरमालक मामा, भऱ्याचेच, जुन्या वस्तीतले. थोडी जमीन राखून बाकीची विकलेली आणि त्या पैशातून खोल्या बांधलेल्या. एका संध्याकाळी बुवांनी त्यांना धंद्याचं रडगाणं ऐकवलं. मामा म्हणाले, "आमचं येगळं काय हाय? समद्या आळीनं रूमा काढल्या. आता ज्याच्या त्याच्या दाराला पाटी. भाडेकरू एक न् रूमा पन्नास." बुवांनी विचारलं, मग तुम्ही भाडं कमी केलं का? "न्हाई," मामा म्हणाले, "रंग दिला." बुवा त्या उत्तराने असे खूश झाले की जेवताना मला तेच ऐकवत राहिले. किंमत कमी करायची नाही, रंग द्यायचा. म्हणजे प्लगिनची नवी आवृत्ती काढायची, जगातल्या एकूण एक पंख्यांचा बंदोबस्त करणारी. रंग दिलेल्या खोल्या अजून रिकाम्याच होत्या, हे मामांनी सांगितलं नाही आणि बुवांनी विचारलं नाही.

नव्या आवृत्तीआधी थोडी हवा व्हावी म्हणून बुवांनी आयुष्यात एकदाच आपलं व्रत मोडलं. प्लगिनं विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाने सुचवलं होतं की किंमत दहाव्या हिश्श्यावर आणा, आम्ही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवतो. बुवा तोंड कडू करून 'हो' म्हणाले, आणि माल असा उठला की आम्ही दोघं स्क्रीनसमोरून हललो नाही. इतकी वर्षं जेवढी गिऱ्हाइकं मिळाली नव्हती, तेवढी त्या आठवड्यात मिळाली. बुवांनी मामांच्या घरी पेढे दिले. मला म्हणाले, "बघ, लोकांना हवंय. आपणच दार लावून बसलो होतो." त्याच आनंदात त्यांनी ठरवलं की नवी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर करायची, माणसं घ्यायची, यंत्रं घ्यायची. त्याला पैसा लागणार होता आणि पैसा एकाच ठिकाणी होता, घोटावड्याच्या प्लॉटमध्ये.

तो प्लॉट वहिनींच्या नावावर होता. शाळेच्या पगारातून, भिशी लावून, वर्षानुवर्षं एकही दागिना न घेता घेतलेला. भाड्याच्या घरात त्यांनी कधी भिंतीला खिळा ठोकला नाही. म्हणायच्या, आपल्या घरात ठोकू. बुवांनी विषय काढला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कागद कुठे आहेत ते बघते." बुवांना तो होकार वाटला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण नवरा-बायकोच्या मधे मी कोण बोलणार?

मला आणखी एक गोष्ट टोचत होती. आमच्या धंद्यात विकत घेणं वेगळं आणि वापरायला लागणं वेगळं. गिऱ्हाइकाने प्लगिन पहिल्यांदा उघडलं की आमच्याकडे त्याची नोंद होते. सेलमध्ये घेतलेल्यांपैकी फार थोड्यांची नोंद आली होती. मी बुवांना दाखवलं. ते म्हणाले, लोकांना सवड होईल तशी उघडतील, तू अधीर आहेस. महिना उलटला तरी कुणाला सवड झाली नव्हती. तिकडे मामांनी प्लॉटला गिऱ्हाईक आणलं आणि पौडला खरेदीखताचा दिवस ठरला.

त्या दिवशी साक्षीदार म्हणून मीही गेलो. वहिनींनी शाळेतून रजा काढली होती. पिशवीत कागद, आणि पिशवी पोटाशी धरलेली. नोंदणी ऑफिसात पोचलो तर सर्व्हर बंद. कधी चालू होईल, कुणी सांगेना. मामा आणि खरेदीदार दारातच थांबले, आम्ही तिघं एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेऊन बसलो. बुवांना रिकामं बसणं जमत नसे. त्यांनी फोन काढला आणि म्हणाले, सेलमधल्या आपल्या लोकांना विचारू, नव्या आवृत्तीत काय हवंय.

पहिल्याने उचलला नाही. दुसऱ्याला आपण काय घेतलंय तेच आठवेना, त्याने बँकेचा फोन समजून ठेवून दिला. तिसरा सांगलीकडचा निघाला, लहान मुलांच्या गोष्टी वाचून रेकॉर्ड करणारा. मोठा सज्जन माणूस. बुवांनी फोन स्पीकरवर टाकला आणि प्लगिन कसं वाटलं, असं विचारलं.

"सर, खोटं कशाला बोलू, अजून उघडलं नाही," तो म्हणाला. "स्वस्त होतं म्हणून घेऊन ठेवलं. तसली पाच-सहा आहेत माझ्याकडे."

बुवा म्हणाले, "मग पंख्याचं काय करता?"

"पंखा होय? बंद करतो की सर."

बुवांनी त्याचे आभार मानले, अगदी मनापासून, आणि फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. बुवांचे खांदे हलायला लागले. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, हॉटेलवाला वळून बघायला लागला तरी हसत राहिले. "बंद करतो म्हणे," ते मला परत परत सांगत होते, जणू मी ऐकलंच नव्हतं. "अरे, बंद करतो म्हणे."

तेवढ्यात मामा लगबगीने आले. "चला, सर्व्हर आला. आपलाच नंबर हाय."

वहिनी पिशवी सावरून उठल्या. बुवा उठले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि वहिनींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पंख्याकडे असं लक्ष देऊन बघताना पाहिलं होतं, माणसाकडे पहिल्यांदाच.

"तुला विकायचाय का गं प्लॉट?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मामा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. दलाली गेली हे त्यांना आमच्या आधी कळलं. थोडा वेळ ते नुसते फुरफुरले, सकाळपासून आपण कुणाकुणाला गाडीत घालून आणलं ते ऐकवलं. मग खुर्ची ओढून बसले आणि स्वतःसाठी चहा सांगितला. "गिऱ्हाइकाला मी समजावतो," ते म्हणाले. "आमी जमीन इकली तवा आमच्या घरात बी कुनी कुनाला इचारलं न्हवतं." एवढं बोलून ते चहा येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले.

परतताना वहिनींनी गाडी घोटावड्याला थांबवायला लावली. प्लॉटवर गुडघाभर गवत होतं. त्या सरळ आत शिरल्या आणि एका जागी उभ्या राहून म्हणाल्या, इथे स्वयंपाकघर. बुवा त्यांच्या मागे गवतातून वाट काढत विचारत होते, खिडकी कुठे, ओटा कुठे, पूर्व नेमकी कुठली. मी कडेला उभा होतो. गेले दोन महिने छातीवर जे काही बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं, आणि मला भयंकर भूक लागली.

दुकान आम्ही शांतपणे बंद केलं. जुन्या गिऱ्हाइकांसाठी प्लगिन तसंच ठेवलं, विकणं थांबवलं. मला धास्ती होती की बुवा झुरतील. ते झुरले नाहीत. एका कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकवायला लागले आणि पगाराच्या दिवशी वहिनींना न चुकता विचारायचे, या महिन्यात विटा की सिमेंट? विचारण्याची त्यांना आता इतकी चटक लागली होती की वहिनी कधीकधी वैतागून म्हणत, भाजीला मीठ किती ते तरी मला ठरवू द्या.

घराचा चौथरा झाला त्या सुमारास मला बेंगळुरूहून नोकरीचं बोलावणं आलं. ते मी कित्येक दिवस दडवून ठेवलं. हा माणूस आत्ता कुठे सावरलाय, त्याला सोडून कसं जायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. एका रविवारी चौथऱ्यावर पाणी मारता मारता बुवांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "तू हल्ली माझ्याशी फार गोड बोलतोस. तुला जायचंय का कुठे?"

मी तोंड उघडलं ते 'तसं काही नाही' म्हणायलाच. पण बुवा वाट बघत उभे होते, घाई न करता. पाइपचं पाणी आमच्या दोघांच्या चपलांखालून वाहत होतं.

"हो," मी म्हणालो.

"मग जा की," बुवा म्हणाले, आणि पाइप माझ्या हातात देऊन ते वहिनींना सांगायला गेले.