लिलीची कुंडी

लग्नाच्या हॉलमध्ये लिलीचा वास आला की मला आईची मांजर आठवते. आई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तेलंगणातल्या उटनूरला, आमच्या गावी, तिचा सत्कार झाला. हारतुरे नकोत, झाडं द्या, यावर पाहुणे तासभर बोलले आणि मग आईला हार घालून वर लिलीची कुंडीही दिली. ती कुंडी घरी टीव्हीशेजारी विराजमान झाली. दुसऱ्या सकाळी मांजरीचं नाक फुलातल्या परागांनी पिवळं झालेलं दिसलं. “पाह्य, हळद लागली पोरीले! नवरदेव पाहा आता,” आई म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. मांजरीनं ते नाक निवांत चाटून साफ केलं. संध्याकाळपासून ती ओकू लागली, खाईना. आदिलाबादला जनावरांच्या डॉक्टरांनी लिलीचं नाव ऐकून मान खाली घातली. “अम्मा, बिल्ली के लिए ये फूल जहर है. किडनी गई.” “काऊन जी, झाड देनाऱ्यायले कोनी सांगत नाही का हे?” आईनं विचारलं. घरी मांजरीला मांडीवर घेऊन आई चमच्यानं पाणी पाजत बसली. “पी न माय, घोटभर पी.” मांजर गेल्यावरही आईचा चमचा थांबला नाही.