अक्कांनी विचारलेलं नाव

फेब्रुवारीची अठ्ठावीस तारीख, दुपारचे तीन वाजलेत. अंमळनेरच्या घरात नलिनी भामरे खिडकीखालच्या पलंगावर आडवी झाली आहे. छातीवर एक जाडजूड रहस्यकादंबरी उपडी पडली आहे. झोप अजून लागलेली नाही, पण फार लांबही नाही. शेजारच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालतायत. त्यांचं बोलणं ऐकू येतंय, पण एकेक शब्द सुटा होऊन आत येतो. मीठ. धाकटी. उद्या बघू.

पलंगाजवळच्या स्टुलावर आणखी सात पुस्तकं आहेत. छातीवरचं धरून आठ. चार अद्भुत, चार रहस्याची. एक तारखेला तिने वहीत यादी केली होती, कोणतं पुस्तक कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, अगदी तारखा घालून. यादी एका दिवसानेही चुकलेली नाही. फक्त प्रत्येक पुस्तकात शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी जुन्या कॅलेंडरची एक पट्टी खोचलेली आहे. आठही पुस्तकांत. शेवट एकाचाही वाचलेला नाही.

तिचे यजमान भास्करराव गणिताचे निवृत्त मास्तर. ते सकाळी पट्ट्यांकडे बघून म्हणाले होते, "आठांपैकी आठ? याला योगायोग म्हणत नाहीत गं."

"वाचते सावकाश," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

फेब्रुवारीत या दोनच जातीच्या कादंबऱ्या वाचायच्या, ही पद्धत द्वारकाअक्कांची. अक्का म्हणजे भास्कररावांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक आणि दोन पिशव्या घेऊन भावाकडे राहायला आल्या. पहिलं वर्ष नणंद-भावजयीचं काही जमेना. चहात साखर किती, इथपासून वाद. मग एका फेब्रुवारीत अक्का वाचनालयातून आठ पुस्तकं घेऊन आल्या आणि नलिनीसमोर ठेवून म्हणाल्या, "सगळ्यात लहान महिना आहे. एवढा तरी माझ्याबरोबर काढून बघ."

त्यांचं म्हणणं असं, की पहिले पंधरा दिवस अद्भुत वाचायचं, म्हणजे माणूस घराबाहेर पडतो, समुद्राखाली जातो, ढगांवर जातो. मग पुढचे दिवस रहस्यकथा. म्हणजे घरी परत यायचं आणि बघायचं, आपल्या माणसांत कोण काय लपवतंय. वाचनालयात एकेकच प्रत, त्यामुळे एक आधी वाचायची, दुसरी मागून. आधी वाचणारीने शेवट सांगायचा नाही, हा कडक नियम. अक्का मात्र निम्म्या पुस्तकातच गुन्हेगार ओळखायच्या. म्हणायच्या, "पस्तीस वर्षं लोकांची बोलणी ऐकली. माणूस काय बोलतो ते सोड. कुठे गप्प होतो, ते ऐकायचं."

नऊ वर्षांचे फेब्रुवारी असे गेले. दहावा अर्धाच राहिला. गेल्या वर्षी तेवीस तारखेला अक्कांना दवाखान्यात हलवावं लागलं. पिशवीत त्यांचं अर्धवट पुस्तक होतं. घड्याळाच्या दुकानाचा मालक आपल्याच दुकानात मेलेला सापडतो, अशी ती गोष्ट. नलिनीची ती वाचून झाली होती. पंचवीस तारखेला संध्याकाळी डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार वेळ नाही. ती डोळे पुसून आत आली, तर अक्का तिच्याकडेच बघत होत्या.

"नलू, कोण गं तो? नाव सांगून टाक."

"अहो अक्का, नियम तुमचाच ना? घरी चला नि स्वतः वाचा. दोन दिवसांत सोडतायत."

"सांग की."

"नाही म्हणजे नाही हं," नलिनी हसून म्हणाली होती. हसणं तिला छान जमलं होतं. सव्वीस तारखेला पहाटे अक्का गेल्या. तेव्हा ती अंघोळीला घरी आली होती.

गच्चीवरच्या बायका बोलायच्या थांबतात.

"पाय घे जरा आत," कुणीतरी म्हणतं.

नलिनी पाय आखडते. अक्का पलंगाच्या कडेला टेकतात. अंगावर मोरपंखी साडी आहे, केस नुकतेच धुतल्यासारखे मोकळे आहेत. त्या गेलेल्या आहेत, हे नलिनीला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचं तिला जराही नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या डोक्यावरच्या ऑपरेटरच्या हेडफोनचं. त्याची वायर पलंगाखाली कुठेतरी गेली आहे.

"यादी बघू."

नलिनी वही पुढे करते. अक्का ओळीवरून बोट फिरवतात.

"हं. चार नि चार. बरं केलंस. हे समुद्राखालच्या नगराचं कसं होतं?"

"छान होतं."

"मग तो नावाडी वर आला का?"

"माहीत नाही."

"आणि हरीण झालेली ती मुलगी?"

"ती अजून हरीणच आहे, अक्का."

"म्हणजे महिनाभर सगळ्यांना बसवून ठेवलंयस तू," अक्का म्हणतात. त्या रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नलिनीला वाटतं. "चल, दाखवते."

त्या उठून कपाटाचं दार उघडतात. कपाटात कपडे नाहीत. लांबलचक व्हरांडा आहे, दवाखान्याचा, पिवळट भिंतींचा, फिनेलच्या वासाचा. दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर माणसं. पहिल्या बाकावर निथळणारा नावाडी. त्याच्या शेजारी हरणी, पाय पोटाशी घेऊन बसलेली, डोळे मात्र बाईमाणसाचे. पुढे ढगांवरच्या किल्ल्याची राणी, मुकुट मांडीवर काढून ठेवलेली. मग तपास अर्धा राहिलेले पोलीस, हातात वह्या. ज्यांचे खून झालेत तेही बसले आहेत, गळ्यावरच्या खुणा उपरण्याने झाकून. कुणाच्या हातात केसपेपर, कुणाच्या हातात नंबराची चिठ्ठी. नलिनी आली तसे सगळे मान वर करून बघतात.

"बाई, आमचा नंबर कधी?" नावाडी विचारतो. त्याच्या तोंडातून शब्दांबरोबर पाणी येतं.

"आत्ता... आत्ताच बघते," ती म्हणते आणि भराभर चालू लागते. अक्का पुढे असतात. मग नसतात. व्हरांड्याच्या टोकाला काउंटर आहे, त्याच्या मागे एक्स्चेंजचा उंच बोर्ड, शेकडो भोकं, लोंबणाऱ्या दोऱ्या. बोर्डासमोर अक्का पाठमोऱ्या बसल्या आहेत. केस आता काळेभोर आहेत. वय पंचविशीचं.

"नंबर?" त्या विचारतात, कामावरच्या आवाजात.

"अक्का, मी नलू."

"नंबर सांगा, बाई. लाईन अडकून राहिलीये."

"नाव सांगायला आलेय. त्या घड्याळवाल्याला कुणी मारलं, त्याचं नाव."

"बोला."

नलिनी तोंड उघडते. नाव जिभेवर आहे, वर्षभर आहे, भाजी चिरतानाही आहे. पण घशातून फक्त लागलेल्या फोनची घंटी वाजते. ट्रिंग, ट्रिंग. ती तोंडावर हात धरते, तरी वाजतच राहते. मागच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहतात.

"पलीकडून कुणी उचलत नाहीये," अक्का म्हणतात आणि दोरी काढून घेतात.

पायाखालची फरशी भुसभुशीत होते. नलिनी खाली बघते तर काळी माती, आणि घोट्यापर्यंत हरभरा. शेत कुणाचं ते कळत नाही. ऊन आहे, पण ते कुठून येतंय ते दिसत नाही. बांधाशी वाळल्या काट्याकुट्यांचा जाळ करून अक्का उकिडव्या बसल्या आहेत आणि हरभऱ्याचे हिरवे डहाळे आगीवर धरून हुळा भाजतायत. पुन्हा म्हाताऱ्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शेवटच्या आठवड्यात होत्या तेवढ्याच बारीक.

"बैस. बोल आता."

नलिनी बसते. आणि या वेळी नाव सहज बाहेर पडतं. "त्याचा मित्र होता अक्का. रोज सकाळी तब्येतीची चौकशी करायला येणारा."

अक्का डहाळा उलटा करतात. घाटे तडतडतात.

"ते मला बाविसाव्या पानावरच कळलं होतं."

"मग मला का विचारलंत?"

"तू काय सांगतेस ते बघायचं होतं. डॉक्टर तुझ्याशी बाहेर बोलले. आत आलीस ती हसत. दोन दिवसांत सोडतायत म्हणालीस." अक्का बोलतात ते आगीकडे बघत. "नियम मोडून नाव सांगितलं असतंस ना, तर समजले असते, मला वाचायला आता वेळ नाही हे हिलाही कळलंय आणि ही माझ्याशी खरं बोलतेय. मग दोघी जरा बोललो असतो."

"तुम्हाला घाबरवायचं नव्हतं हो."

"घाबरले तर मी होतेच की, नलू. एकटी घाबरले."

नलिनीला रडू येत नाही. रडण्याच्या जागी छातीत नुसतं जड काहीतरी येऊन बसतं. "चुकलं माझं," ती म्हणते. आणि थोड्या वेळाने, "माफ केलंत का?"

अक्का राखेतून गरम घाटे उचलून तिच्या ओंजळीत टाकतात. "खा. गार झाल्यावर मजा नाही."

ती चोळते, सोलते, खाते. दाणा कोवळा, गोड, जरासा करपलेला. बोटं काळी होतात. अक्का पदराला हात पुसतात आणि अचानक पुढे होऊन तिच्या डाव्या काखेखाली, ब्लाउजच्या शिवणीपाशी, दोन बोटं ठेवतात. नेमकी तिथेच.

"आणि हे काय?"

नलिनी गप्प होते.

तीन तारखेला अंघोळ करताना तिच्या हाताला तिथे गाठ लागली होती. सुपारीएवढी, दुखत नसलेली. तिने कुणाला सांगितलं नाही. महिना पार पडू दे, पुस्तकं वाचून होऊ देत, मग बघू, असं ठरवून टाकलं. त्यानंतर कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आलं की तिचा हात आपोआप कॅलेंडरच्या पट्टीकडे जायचा.

"ऐकलं," अक्का म्हणतात.

"मी काहीच बोलले नाही."

"तेच ऐकलं." त्या उठतात. गुडघ्यावर हात देऊन, नेहमीसारख्या कण्हत. "भास्कर कुठाय?"

"बाहेरच्या खोलीत. पेपरातलं कोडं सोडवतायत."

"अजून तसाच आहे का तो? पेन्सिल कानामागे?"

"तसेच."

अक्का पायाने जाळावर माती लोटतात. जाळ विझत आलेला. त्यांचा चेहरा नलिनीला नीट दिसत नाही, उन्हामुळे की धुरामुळे, तेही कळत नाही. "मला नाही बरं वाटत असं जायला," अक्का अगदी हळू म्हणतात, "पण जायला लागतं." नलिनी त्यांचा पदर धरायला हात पुढे करते. हाताला पदर लागत नाही, धूर लागतो.

धप्पकन आवाज होतो. छातीवरचं पुस्तक जमिनीवर पडलं आहे. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं आहे. नलिनी उठून बसते. श्वास लागला आहे, पाठ घामाने ओली. हे सगळं अक्का बोलल्या की आपणच आपल्याशी बोललो, हे तिला ठरवता येत नाही. आपणच बोललो असू, तर अक्का एकट्या घाबरल्या होत्या हेही आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, हा विचार तिला सगळ्यात वाईट वाटतो. क्षणभर ती पुन्हा आडवी व्हायला निघते. संध्याकाळी सांगू, ती मनात म्हणते. पुस्तकं परत देऊन आल्यावर.

मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू येतो.

"अहो. जरा इकडे या."

"चहा ठेवू का?" बाहेरून भास्करराव.

"चहा नको. या तुम्ही."

ते येतात. तिचा चेहरा बघून दारातच थांबतात, मग पलंगाच्या कडेला बसतात. ती सांगते. कुठे, केव्हा, केवढी. सांगताना एकदा अडखळते, पण थांबत नाही.

भास्करराव कानामागची पेन्सिल काढून स्टुलावर ठेवतात. "तीन तारखेपासून," ते म्हणतात. "पंचवीस दिवस झाले. मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"हो, घाबरलोय," ते म्हणतात. आवाज फुटतो. "चल, उठ. डॉक्टर पाचला बसतात. आपण दोघं जाऊ."

ते तिचा हात धरतात, घट्ट, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत गर्दीत धरला होता तसा. ती त्यांच्या आधाराने उभी राहते. चप्पल शोधायला ते हात सोडतात आणि मधेच थांबून आपल्या तळहाताकडे बघत राहतात.

"नलू, हे काय लागलंय तुझ्या हाताला?"

त्यांच्या गोऱ्या तळहातावर तिच्या बोटांचे काजळीचे ठसे उमटले आहेत. ती स्वतःची बोटं नाकाशी नेते. भाजलेल्या हरभऱ्याचा वास येतो.