मास्तरांची नवखी

मास्तर निवृत्त झाले, शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी बायकोला धरलं. वेबसाइट बनवायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ठिकठिकाणची माणसं बिनपगारी ते घडवतात. त्याची नवख्यांसाठीची मार्गदर्शिका सुधारायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. पद्धत ठरलेली. पान लिहायचं, बायकोला शिलाई मशीनवरून उठवून कॉम्प्युटरसमोर बसवायचं आणि ती कुठे अडते ते पेन्सिलीने टिपायचं. "हिला कळलं म्हणजे दगडालाही कळेल," असं ते तिच्यादेखत फोनवर सांगत. ती ऐकून घ्यायची.

कारण तिला त्या कामाची गोडी लागली होती. लहान मुलांचे कपडे शिवण्यात तिची हयात गेली. कपडे गिऱ्हाइकांबरोबर गेले, मागे राहिले फोटो, तेही अखेरच्या घटका मोजणाऱ्या जुन्या फोनमध्ये. फोन बंद पडण्याआधी तिने एकसष्ट फोटो शिकताना बनवलेल्या सरावाच्या साइटवर चढवले, प्रत्येकाखाली कापड आणि टाका लिहिला. ती साइट बघून परगावची एक दुकानदारीण सोमवारी मोठं काम देणार होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं सगळं काम एकत्र बघणार होतं.

"अहो, पुसलं गेलं तर परत कसं आणायचं, तेही लिहा की," ती एकदा म्हणाली.

"नवख्याला असले प्रश्न पडत नाहीत," मास्तर हसले. "तू आता शहाणी झालीस. माझ्या कामातून गेलीस."

रविवारी ती दोऱ्याची रिळं घेऊन परतली, तर स्क्रीन कोरी.

"मार्गदर्शिकेचं पहिलं पान नव्याने लिहिलंय," मास्तर म्हणाले. "त्यासाठी सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. बस."

"माझे फोटो?"

"गेले त्यात. दुसरे काढ. वाच आता."

रिळं बाजूला ठेवून ती बसली. सातव्या पायरीवर लिहिलं होतं: सॉफ्टवेअर नव्याने बसवा. आधीचं सगळं त्यात पुसलं जातं, हे कुठेच नव्हतं.

"कुठे अडतंय?" मास्तरांनी पेन्सिल सरसावली.

"कुठेच नाही."

सोमवारी दुकानदारीण म्हणाली, साइट दिसत नाही, आणि फोन ठेवला. त्याच दिवशी मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली झाली.

आठवड्यात पानाखाली तक्रारी साचल्या. एका पुस्तकविक्रेत्याची आठ वर्षांची साइट सातव्या पायरीला पुसली गेली होती. "परत कशी आणायची, कुणीतरी सांगा हो," असं त्याने तीनदा लिहिलं होतं. लेखकांच्या यादीतून मास्तरांचं नाव काढलं गेलं. मास्तर यादी पुन्हा पुन्हा उघडून आपलं नाव शोधत होते. पुस्तकविक्रेत्याचं वाचून तिला वाईट वाटलं, पण मास्तरांना तसं बघून बरंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

"तू वाचलं होतंस ना? तुला दिसलं नाही?"

"मला काय दिसणार? मी दगड." तिने सुईत दोरा ओवला आणि मशीन चालू केलं.